ड्रुइडांचे दगड आणि पांडवांची लेणी

ॲस्टेरिक्सच्या चित्रकथा तुमच्यापैकी किती जणांनी वाचल्या आहेत? हात वर करा पाहू! दोन हजार वर्षांपूर्वीचं एक चिमुकलं गाव, बलाढ्य रोमन सैन्याला मुळीच दाद न देणारं. त्या गावात लांब पांढऱ्या दाढीचे एक आजोबा आहेत, गेटाफिक्स. अंगात पांढरा झगा, हातात सोन्याचा विळा. झाडावर चढून ते कसलीशी वनस्पती कापतात, भल्या मोठ्या कढईत काढा उकळतात आणि तो काढा प्यायला की ॲस्टेरिक्स एका ठोशात रोमन शिपायाला आकाशात भिरकावतो! हे गेटाफिक्स आजोबा म्हणजे त्या गावाचे 'ड्रुइड'.

या चित्रकथा १९५९ साली फ्रान्समध्ये सुरू झाल्या. गोसिनी यांनी त्या लिहिल्या आणि युदेर्झो यांनी चितारल्या. त्यातला काढा काल्पनिक, हे सांगायला नकोच. पण ड्रुइड? माझ्या वर्गातल्या एका चौथीच्या मुलाने हा प्रश्न फार छान विचारला. तो म्हणाला, "बाई, ड्रुइड हत्तीसारखे आहेत, की डायनोसॉरसारखे होते, की राक्षसासारखे कधी नव्हतेच?"

दोस्तांनो, गंमत म्हणजे उत्तर आहे, 'तिन्ही थोडं थोडं!' ड्रुइड एकेकाळी खरोखर होते. आजही स्वतःला ड्रुइड म्हणवणारी माणसं आहेत. आणि आपल्या डोळ्यांसमोर जो ड्रुइड येतो, त्यातला बराचसा कधी नव्हताच!

हा प्रश्न आता चित्रकथेपुरता राहिलेला नाही. घरोघरी मोबाईल आहेत. ड्रुइड शोधायला जावं तर ढीगभर चित्रफिती पुढ्यात येतात. एक म्हणते, इंग्लंडमधलं स्टोनहेंज ड्रुइडांनी मंत्र टाकून उभारलं. दुसरी म्हणते, आजचे ड्रुइड पाच हजार वर्षांची अखंड परंपरा चालवत आहेत. तिसरी म्हणते, ड्रुइड म्हणजे आपल्याकडून तिकडे गेलेले द्रविड ऋषी! सगळ्यांचा आवाज सारखाच भारदस्त. मग विश्वास कुणावर ठेवायचा?

चाळण घ्या हातात

आमच्या रावेतच्या मुलांना चाळण म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. जिकडे पाहावं तिकडे बांधकाम चाललेलं असतं. गवंडीकाका तिरकी चाळण उभी करतात, तिच्यावर फावड्याने वाळू फेकतात. बारीक वाळू पलीकडे पडते, खडे अलीकडे राहतात. पण खडे कुणी टाकून देत नाही हं! भराव घालायला तेच लागतात. फक्त गिलाव्याच्या मालात खडे मिसळायचे नाहीत, एवढंच पथ्य.

गोष्टींचंही तसंच करायचं. आपली चाळण तीन प्रश्नांची:

१. हे कोणी सांगितलं?
२. केव्हा सांगितलं?
३. त्याला कसं कळलं?

चला, ड्रुइड मंडळींना या चाळणीवर टाकूया.

साक्षीदार दोन, आणि दोघेही परके

फ्रान्स, ब्रिटन, आयर्लंड या भागांत फार पूर्वी केल्ट लोक राहत. त्यांच्यातले विद्वान, पुरोहित आणि न्याय करणारे लोक म्हणजे ड्रुइड. त्यांनी स्वतःविषयी एक ओळही लिहून ठेवलेली नाही. विद्या तोंडपाठ करायची, लिहायची नाही, असा त्यांचा दंडकच होता. काही विद्यार्थी वीस-वीस वर्षं पाठांतर करत. (एकोणतिसाचा पाढा म्हणताना चेहरा वाकडा करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी!)

मग हे आपल्याला सांगितलं कोणी? ज्युलियस सीझरने. केव्हा? इसवी सनापूर्वी ५० च्या आसपास, म्हणजे ड्रुइड हयात असतानाच. त्याला कसं कळलं? तो त्या प्रदेशात बरीच वर्षं होता. पण कशासाठी? तो प्रदेश जिंकण्यासाठी! ड्रुइड माणसांचे बळी देतात, असंही त्याने लिहिलं आहे. मधल्या सुट्टीत दोन मुलांची मारामारी झाली आणि बाईंनी एकाचंच ऐकून घेतलं, तर कसं होईल? ऐकलेलं सगळं खोटंच असेल असं नाही, पण ते जपून ऐकावं लागतं. आजचे इतिहासकार सीझरचं म्हणणं असंच जपून ऐकतात.

दुसरा साक्षीदार प्लिनी. हाही रोमनच. तो इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात वारला. पांढरा झगा, ओक नावाच्या झाडावर चढणं, सोन्याच्या विळ्याने वनस्पती कापणं, हे सारं चित्र प्लिनीच्या मोठ्या ग्रंथातल्या एका उताऱ्यावरून आलं आहे. ती वनस्पती म्हणजे मिसलटो. आपल्याकडे आंब्याच्या फांदीवर बांडगूळ वाढतं ना, त्याच्याच नात्यातली.

आता तुम्हीच विचार करा. सोनं मऊ असतं. आईच्या बांगडीलाही सहज पोचा येतो. मग निव्वळ सोन्याच्या विळ्याने लाकडासारखा चिवट देठ कापता येईल का? कदाचित विळा दुसऱ्या धातूचा असून त्याला सोन्याचा मुलामा असेल. कदाचित प्लिनीने ऐकीव गोष्ट लिहिली असेल. पण एका उताऱ्यातला एक पुरोहित आज जगभरच्या चित्रांत, चित्रपटांत आणि मोबाईलवरच्या खेळांत फिरतो आहे, हे मात्र खरं.

पुढे रोमन सैन्याने ब्रिटनमध्येही ड्रुइडांचा पाडाव केला. वेल्सजवळच्या अँगलसी बेटावर इसवी सन ६० च्या सुमारास रोमन सैन्य चालून गेलं आणि तिथल्या ड्रुइडांच्या पवित्र राया त्यांनी तोडल्या, असं रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहिलं आहे. पुढच्या काही शतकांत जुने ड्रुइड संपले. चौथीतल्या आमच्या दोस्ताच्या भाषेत, ते डायनोसॉर झाले.

स्टोनहेंज: दोन हजार वर्षांची चूक

इंग्लंडमध्ये सॅलिसबरीजवळच्या माळावर प्रचंड दगडांचं वर्तुळ उभं आहे. तेच स्टोनहेंज. ते ड्रुइडांनी बांधलं असं तुम्ही ऐकलं असेल. हे कोणी सांगितलं? जॉन ऑब्री नावाच्या हौशी संशोधकाने सतराव्या शतकात तशी शक्यता मांडली. मग १७४० साली विल्यम स्टक्ली यांनी त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. त्यांना कसं कळलं? तर्काने. 'रोमनांच्या आधी इथे कोण होतं? ड्रुइड. हे बांधकाम कुणाचं असणार? रोमनांच्या आधीच्या लोकांचं. म्हणजे ड्रुइडांचंच!' त्या काळी दगडांचं वय काढायचं साधन कुणापाशी नव्हतं.

विसाव्या शतकाच्या मध्याला ते साधन आलं. हाडं, कोळसा, शिंगं यांतल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढता येऊ लागलं. तेव्हा कळलं की स्टोनहेंजचा पहिला खंदक इसवी सनापूर्वी ३००० च्या सुमाराला खणलेला आहे आणि मोठे दगड इसवी सनापूर्वी २५०० च्या सुमाराला उभे केलेले आहेत. सीझरने ड्रुइड पाहिले ते यानंतर सुमारे अडीच हजार वर्षांनी! उद्या कुणी म्हणालं, की सम्राट अशोकाचे शिलालेख आमच्या सोसायटीच्या चेअरमनकाकांनी कोरले, तर आपण हसू. हे तसंच झालं.

खरी हकीकत ऐकाल तर मंत्रबिंत्र फिके पडतील. तिथले निळसर दगड वेल्समधल्या डोंगरांतून, २०० किलोमीटरहून अधिक अंतरावरून आणलेले आहेत. मधोमध आडव्या पडलेल्या शिळेचं पृथक्करण करून शास्त्रज्ञांनी २०२४ साली दाखवलं, की ती थेट उत्तर स्कॉटलंडच्या भागातली आहे. म्हणजे रावेतहून नागपूर जेवढं लांब, साधारण तेवढ्या अंतरावरून ती आली. ना ट्रक, ना क्रेन!

स्टोनहेंजची मांडणी सूर्याकडे बघून केलेली आहे, हेही खरं. वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या दिवशी जिथे सूर्य उगवतो, त्या दिशेला त्याचा अक्ष आहे. पाहा, 'सूर्याची दिशा' हे खरं आणि 'ड्रुइडांनी बांधलं' ही गोष्ट. दोन्ही एकाच वाक्यात येतात, म्हणूनच चाळण लागते.

पाथरवट कवीची करामत

मग आजचे ड्रुइड कुठून आले? वेल्समध्ये एडवर्ड विल्यम्स नावाचा एक माणूस होता. दगड घडवणं हा त्याचा धंदा आणि कविता हा छंद. त्याने स्वतःला 'योलो मॉर्गनूग' असं नाव घेतलं होतं. १७९२ च्या जून महिन्यात लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर त्याने लहान दगडांचं वर्तुळ मांडलं, कवींना जमवलं आणि एक सोहळा केला. 'हा ड्रुइडांच्या काळापासून चालत आलेला सोहळा आहे,' असं त्याने सांगितलं. पुरावा म्हणून जुनी हस्तलिखितं दाखवली. लोकांनी विश्वास ठेवला. शंभर-सव्वाशे वर्षांनी वेल्सच्याच अभ्यासकांनी तपासून दाखवलं, की त्यातली कितीतरी 'जुनी' हस्तलिखितं या महाशयांनी स्वतःच रचली होती!

पण थांबा, गोष्ट इथे संपत नाही. वेल्स देशात दरवर्षी साहित्य आणि संगीताचा मोठा मेळावा भरतो. आपल्या साहित्य संमेलनासारखाच म्हणा ना. त्यात झगे घातलेले कवी येतात, उत्तम कवीला मानाची खुर्ची मिळते. त्यातला बराचसा थाट याच योलोच्या कल्पनेतून आलेला आहे. तो प्राचीन नाही, हे वेल्सच्या लोकांना आता ठाऊक आहे. तरी ते तो आवडीने करतात, कारण त्यातून त्यांच्या भाषेचा मान होतो.

आज ब्रिटनमध्ये आणि इतर देशांतही ड्रुइडांच्या मंडळ्या आहेत. त्यांतली एक मोठी मंडळी १९६४ साली रॉस निकल्स यांनी सुरू केली. २०१० साली 'ड्रुइड नेटवर्क' या संस्थेला तिथल्या सरकारी धर्मादाय आयोगाने धार्मिक संस्था म्हणून मान्यता दिली. ही माणसं जूनमध्ये स्टोनहेंजला सूर्योदय पाहायला जमतात, झाडं आणि नद्या पवित्र मानतात, कविता म्हणतात.

मग हे ड्रुइड खोटे का? मुळीच नाही. आपला सार्वजनिक गणेशोत्सव १८९० च्या दशकात सुरू झाला. म्हणून तो खोटा आहे का? चिंचवडच्या मंगलमूर्तीवाड्याची परंपरा त्याहून कितीतरी जुनी. पण नवी म्हणून मंडळाची आरती कमी ठरत नाही. नवं असणं हा काही गुन्हा नव्हे. नव्याला जुनं म्हणून खपवलं, म्हणजे मात्र गडबड होते.

ड्रुइड भीमेच्या काठी!

आता तुम्ही म्हणाल, "बाई, हे सगळं इंग्लंडातलं झालं. आमचा त्याच्याशी काय संबंध?" संबंध आहे तर! रावेतच्या बंधाऱ्यावरून पवना नदी वाहते. आपल्या शहराला पाणी पुरवून ती पुढे दापोडीला मुळेला मिळते, मुळा मुठेला मिळते आणि दोघी मिळून भीमेला. ही भीमा सोलापूर ओलांडून कर्नाटकात जाते. तिथे भीमेच्या काठी जेवरगी गाव आहे. त्या भागात आणि जवळच्या शोरापूरजवळ एका इंग्रज अधिकाऱ्याला शेकडो जुनी दगडी स्मारकं दिसली. कुठे दगडांची वर्तुळं, कुठे चार शिळांवर पाचवी ठेवलेली घरं.

हा अधिकारी म्हणजे फिलिप मेडोज टेलर. निजामाच्या चाकरीत त्याने दख्खनमध्ये उभी हयात घालवली. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्गचा कारभारही काही काळ त्याने पाहिला. त्याने यातली काही स्मारकं खणून पाहिली आणि त्यावर एक निबंध लिहिला. आयर्लंडच्या विद्वानांपुढे १८६२ साली तो वाचला गेला. त्याच्या नावातच काय होतं, माहीत आहे? दख्खनमधली 'केल्टिक, ड्रुइडी किंवा सिथियन' स्मारकं!

घ्या! ज्यांनी कधी भीमेचं पाणी प्यायलं नाही, ते ड्रुइड टेलरसाहेबांनी थेट जेवरगीला आणून बसवले. का? कारण त्यांच्या देशात अशा दगडांना लोक ड्रुइडांचे दगड म्हणत. तसेच दगड इथे दिसले, म्हणून नावही तेच दिलं.

पण टेलरला हसून सोडून देऊ नका. त्याने एक काम फार चोख केलं. खणताना मातीचे थर कसे होते, मडकी कुठे होती, हाडं कुठे होती, याची त्याने नीट चित्रं काढून ठेवली. विसाव्या शतकातले मोठे पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनीही त्या चित्रांचं कौतुक केलं. टेलरने दिलेलं नाव चुकलं, पण त्याने काढलेली चित्रं आजही उपयोगी आहेत. जे पाहिलं ते आणि जे वाटलं ते त्याने वेगवेगळं ओळखता येईल असं ठेवलं, म्हणून पुढच्यांना चूक दुरुस्त करता आली.

जुनापाणीची वर्तुळं

अशी वर्तुळं महाराष्ट्रात कुठे आहेत? विदर्भात! नागपूरहून काटोलच्या रस्त्याला लागलं की जुनापाणी लागतं. तिथे सुमारे तीनशे शिळावर्तुळांची नोंद झालेली आहे. त्यातल्या काही दगडांवर वाटीसारखे लहान खळगे रांगेने कोरलेले आहेत. रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने १८७९ साली त्यावर लेख छापला आणि 'असेच खळगे आमच्या युरोपातल्या दगडांवरही आहेत' असं नवल केलं.

ही वर्तुळं खरंच कुणाची? उत्तर खोदकामाने दिलं. जुनापाणीला १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व विभागाचे बा. कृ. थापर यांनी उत्खनन केलं. त्यानंतर नागपूर विद्यापीठाच्या डॉ. शां. भा. देव यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट, खापा, माहुरझरी, नैकुंड इथे उत्खननं केली. वर्तुळांच्या आत लोकांनी आपल्या मृत माणसांना पुरलेलं होतं. त्यांच्याबरोबर काळी-तांबडी मडकी होती, लोखंडी कुऱ्हाडी आणि खंजीर होते, रंगीत दगडांचे मणी होते. माहुरझरीला तर घोडे पुरलेले सापडले, आणि घोड्यांसाठीचे तांब्याचे दागिनेही! नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली.

म्हणजे साधारण अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वी विदर्भात लोखंड गाळणारे, घोडे पाळणारे लोक राहत होते. आपल्या पिंपरी-चिंचवडला आणि चाकणला आज कारखान्यांचा केवढा अभिमान! पण लोखंडाच्या कारागिरांची परंपरा महाराष्ट्रात केवढी जुनी आहे, पाहा. ड्रुइडांची गोष्ट खरी धरून बसलो असतो, तर या आपल्या कारागिरांचा पत्ता आपल्याला कधी लागलाच नसता. खोट्या गोष्टीचा खरा तोटा हा असतो: ती खऱ्या माणसांची जागा अडवते.

दुसरा तोटाही आहे. 'दगडाखाली धन पुरलंय' अशी अफवा उठली की लोक कुदळी घेऊन धावतात. शेती, खाणी, रस्ते यांपायी विदर्भातली अनेक वर्तुळं गेली. जी आहेत ती काय आहेत हे आसपासच्या मुलांना माहीत असेल, तरच ती राहतील.

मग इंग्लंडात आणि नागपुरात दोन्हीकडे वर्तुळंच का? अहो, गोल आखायला कुणी शिकवावं लागत नाही. एक खुंटी, एक दोरी, की झालं वर्तुळ. शेतातलं खळं गोल, शेकोटीभोवतीची बैठक गोल, लगोरीचं रिंगणही गोलच! तुमच्या रिंगणावरून उद्या कुणी तुम्हाला ड्रुइड म्हटलं तर?

जुनं ते सगळं पांडवांचं

इंग्रजांना हसताना आपणही जरा आरशात पाहूया. डोंगरात कोरलेलं लेणं दिसलं की आपल्याकडे काय म्हणतात? 'पांडवांनी एका रात्रीत कोरलं. कोंबडा आरवला म्हणून काम अर्धवट राहिलं.' नाशिकच्या लेण्यांचं तर नावच पांडवलेणी! त्यांच्याकडे जुनं ते सगळं ड्रुइडांचं, आपल्याकडे जुनं ते सगळं पांडवांचं. जे कुणाचं ते माहीत नाही, त्याला आपल्याला ठाऊक असलेलं सर्वांत जुनं नाव चिकटवून द्यायचं, ही माणसांची जुनीच खोड.

पण इथे आपलं नशीब थोर आहे. लेणी कोरणाऱ्यांनी भिंतींवर लिहून ठेवलं आहे! ती ब्राह्मी लिपी १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप यांनी उलगडली आणि लेणी बोलू लागली. नाशिकच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातला लेख सांगतो, की हे लेणं गौतमी बलश्री या राणीने बौद्ध भिक्षूंना दान दिलं. कधी? तिचा नातू पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी. म्हणजे एका आजीने दिलेलं दान! कोणी सांगितलं, केव्हा सांगितलं, कसं कळलं, तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच भिंतीवर.

एवढ्या लांबही जायला नको. रावेतहून देहूरोड ओलांडून तळेगावकडे निघालं की घोरावडेश्वराचा डोंगर लागतो. तुमच्यापैकी कित्येकजण श्रावणात किंवा महाशिवरात्रीला तिथल्या पायऱ्या चढले असतील. आज तिथे महादेवाचं देऊळ आहे. मूळची ही शेलारवाडीची बौद्ध लेणी. तिथल्या एका लेखात नोंद आहे ती धेनुकाकट इथे राहणाऱ्या, नांगर चालवणाऱ्या एका शेतकऱ्याच्या बायकोची. तिने आपल्या मुलासह लेण्यासाठी दान दिलं. ना राजा, ना जादू. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका शेतकरणीने बाजूला काढलेला पैसा. मला विचाराल तर पांडवांच्या एका रात्रीपेक्षा ही खरी हकीकत अधिक थक्क करणारी आहे.

ड्रुइड आणि द्रविड

आता त्या तिसऱ्या चित्रफितीकडे वळू. ती सर्वांत गोड, म्हणून सर्वांत सांभाळून चाळायची. 'ड्रुइड हे आपल्याकडून गेलेले द्रविड' असं ती म्हणते. ऐकून छाती फुगते, नाही का?

यात एक खरा दाणा आहे. 'ड्रुइड' हा शब्द बहुतेक भाषाशास्त्रज्ञांच्या मते दोन भागांचा आहे: 'झाड' आणि 'जाणणं' अशा अर्थांचे. संस्कृतातही 'द्रु' म्हणजे झाड आणि 'विद्' म्हणजे जाणणं! वेल्सच्या भाषेत तीनला 'त्री' म्हणतात आणि नऊला 'नाउ'. हा योगायोग नव्हे. केल्टिक भाषा आणि आपल्या संस्कृत-मराठी या एकाच मोठ्या भाषाकुळातल्या आहेत. १७८६ साली विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या भाषणात हे नातं मांडलं.

पण तुमच्या मावशीच्या मुलीचं नाक तुमच्यासारखं असलं, तर ती तुमच्या घरातून पळून गेलेली असते का? नाही. तुम्हा दोघींची आजी एक असते, इतकंच. शब्दांचं नातं खरं. त्यावरून 'ऋषी इथून तिकडे गेले' असं म्हणायला मात्र कुठलाही पुरावा नाही. आणि 'द्रविड' या शब्दाचं नातं 'तमिळ' शब्दाशी जोडतात, ड्रुइडशी नाही. कानाला सारखं लागलं म्हणजे सारखं असतंच असं नाही. पुण्याजवळ दापोडी आहे आणि कोकणात दापोली, म्हणून काही ती जुळी गावं होत नाहीत!

पालकहो, इथे तुमची मदत हवी. आपल्याला न आवडणारी गोष्ट मुलं पटकन तपासतात. आवडणारी, अभिमानाची गोष्ट तपासायला मोठ्यांचा धाक आड येतो. "आजोबा, तुम्हाला हे कसं कळलं?" असं नातवाने विचारलं तर तो उद्धटपणा मानू नका. उत्तर माहीत असेल तर सांगा, नसेल तर दोघं मिळून शोधा.

खडे टाकून देऊ नका

गवंडीकाका खडे टाकून देत नाहीत, हे विसरला नाहीत ना? चाळून वर राहिलेल्या गोष्टींचाही उपयोग असतो.

आपल्या मावळ-मुळशीत देवराया आहेत. गावाने देवाच्या नावाने राखलेलं रान म्हणजे देवराई. 'इथली फांदी तोडली तर देव कोपतो,' असं जुनी माणसं सांगत आली. १९७० च्या दशकात पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी गावोगाव हिंडून देवरायांची पाहणी केली. किती देवराया, कुठली झाडं, कुठल्या वेली, हे त्यांनी लिहून काढलं. आजूबाजूचं जंगल तुटलं तरी देवराईत जुनी, दुर्मीळ झाडं टिकून राहिली होती.

देव कोपतो की नाही, हे चाळणीने सिद्ध होत नाही. पण 'लोक असं मानत होते' ही गोष्ट खरी, आणि 'म्हणून झाडं वाचली' हीसुद्धा खरी. जिथे गोष्ट विसरली गेली आणि झाडांचं मोलही कुणाला कळलं नाही, तिथे कुऱ्हाड चालली. तेव्हा गोष्ट जपायची, पण गोष्ट म्हणून. आणि माहिती जपायची, माहिती म्हणून. दोन वेगळ्या डब्यांत.

आता तुम्ही करून पाहा

एका वहीचे दोन भाग करा. एकावर लिहा 'सांगतात', दुसऱ्यावर 'सापडतं'. तुमच्या गावातलं एखादं जुनं देऊळ, वीरगळ, मोठं झाड किंवा वाडा निवडा. घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला विचारून पहिला भाग भरा. शिलालेख, जुनी कागदपत्रं, पुस्तकं पाहून दुसरा. कुठल्याही दगडाला खडू, शेंदूर किंवा पाणी लावायचं नाही, काही उकरायचं नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

आणखी एक प्रयोग. २१ जूनच्या आसपास पहाटे गच्चीवर जा आणि सूर्य कुठल्या इमारतीमागून उगवतो ते खुणेने लिहून ठेवा. (जूनमध्ये ढग असणारच. आठवडाभर तरी प्रयत्न करा.) मग २२ डिसेंबरच्या सुमारास पुन्हा पाहा. आपल्याकडे सूर्य बरोबर पूर्वेपासून दोन्ही बाजूंना सुमारे २५ अंश सरकलेला दिसेल. स्टोनहेंजला तो सुमारे ४० अंश सरकतो. तिथल्या लोकांनी सूर्योदयाची एवढी दखल का घेतली असेल, ते मग कुणी न सांगताही कळेल.

ओळखा पाहू! यातलं खरं कोणतं, गोष्ट कोणती?

१. ड्रुइडांनी स्टोनहेंज बांधलं.
२. जुने ड्रुइड आपली विद्या लिहून ठेवत नसत.
३. विदर्भातली शिळावर्तुळं लोखंड वापरणाऱ्या लोकांची आहेत.
४. नाशिकची लेणी पांडवांनी कोरली.
५. 'ड्रुइड' शब्दाचं संस्कृतातल्या 'द्रु' आणि 'विद्' यांच्याशी नातं आहे.

उत्तरं: २, ३ आणि ५ खरी. १ आणि ४ या गोष्टी. पण उत्तर बरोबर आलं म्हणून लगेच टाळ्या नकोत. प्रत्येकापुढे 'कसं कळलं?' हेही लिहा. दहापैकी पाच गुण उत्तराला आणि पाच गुण त्या 'कसं'ला!